म्हाताऱ्यांचं सांगणं कागदावर घ्या
(वनहक्क समित्यांच्या शिबिरात एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलली तसाच ठेवला आहे.)



मी मोठी वक्ता नाही. बारावीपर्यंत शिकले, आणि आता पाड्यापाड्यावर दावे भरायला मदत करते. आज मला पुराव्यावर बोलायला सांगितलंय. मी आमच्या घरापासून सुरू करते, कारण चूक आमच्याच घरात झाली आणि ती मी केली.

आमच्या पाड्याचे दावे भरले तेव्हा म्हाताऱ्यांचे जबाब मीच लिहिले. कसे लिहिले? एक नमुना तयार केला. "सदर जमीन अर्जदार पूर्वापार कसत आहे." खाली अंगठा. तेच वाक्य सगळ्यांना. एका दुपारी सगळे जबाब उरकले, आणि मला वाटलं केवढं काम केलं! एकाही म्हाताऱ्याला मी काही विचारलं नव्हतं. फक्त अंगठा मागितला होता.

दावे परत आले. शेरा एकच, पुरावा अपुरा. आम्ही खूप चिडलो, मोर्चाची भाषा केली. पण रात्री ते जबाब परत वाचायला घेतले आणि माझी मलाच लाज वाटली. वरचं नाव झाकलं तर कुठला जबाब कोणाचा, मलासुद्धा सांगता आलं नसतं.

मग मी वही घेऊन आजीजवळ बसले. आजी काही सांगेना. म्हणाली, "पोरी, ते काय सांगायचं? ते काय चांगलं हाय?" दोन-तीन रात्री अशाच गेल्या. मग एकदा भात पाखडताना आपणहून बोलायला लागली. मी वही काढली नाही, नुसती ऐकत बसले.

तिचा सासरा, म्हणजे माझा पणजा, लग्नगडी होता. इथे बसलेल्या जुन्या माणसांना हा शब्द माहीत आहे, पोरांना माहीत नसेल. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. पैसे कधी फिटायचेच नाहीत. मार खायचा, वेठ करायची. माझा पणजा आणि पणजी एका रात्री तिथून पळाले. पोर पाठीला बांधलं, एक मडकं घेतलं आणि रान तुडवत इथे आले. इथे पणजीचा भाऊ होता. त्याने जागा दाखवली, यांनी दगड वेचून बांध घातला. तो बांध आजही आहे. आम्ही त्याच्यावरून रोज चालतो आणि आम्हाला माहीत नव्हतं तो कोणी घातला.

मी विचारलं, "आजी, हे कोणत्या साली?" तिला साल कुठून माहीत असणार? पण ती म्हणाली, "लाल बावटा आला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात." आता लाल बावटा कधी आला हे आपल्याला माहीत आहे. 1945 साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठ बंद केली, लग्नगडी सुटले. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड गेला. गोदूताई परुळेकरांनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलंय. म्हणजे आजीच्या एका वाक्यावरून साल निघालं.

घरी हे वाचून दाखवलं तर बा घाबरला. म्हणाला, "हे लिहू नको. आपण बाहेरून आलेले ठरू. पूर्वापार हाय असंच लिही." भावांनो, ही भीती पुष्कळ घरांत आहे, म्हणून नीट ऐका. आदिवासी दावेदाराला कायदा काय विचारतो? 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन तुमच्या ताब्यात आहे काय आणि तुम्ही तिच्यावर जगता काय. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आपल्याला ती अट नाही. आपला पणजा पळून आला हे सांगितल्याने हक्क बुडत नाही. उलट खोटं लिहिलं, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने खरं सांगितलं, तर दोन्ही जबाब पडतात. आणि लाज कसली? लाज लग्नगडी ठेवणाऱ्याला वाटायला पाहिजे.

नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब आहेत, वंशावळ आहे, जुन्या विहिरी, मसणवट, देवाच्या जागा आहेत, घर आणि बांधबंदिस्ती आहे. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. उपग्रहाचा फोटो जोडीला चालतो, पण बाकी पुराव्याच्या जागी तो बसत नाही. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. अपिलाला 60 दिवसांची मुदत असते, ती चुकवू नका.

आता आम्ही जबाब कसे घेतो ते सांगते.

पहिलं, म्हाताऱ्याला घरात बसवून विचारू नका, शेतावर घेऊन जा. घरात जो म्हणतो "काय आठवत नाही", तो बांधावर उभा राहिला की मोहाचं झाड कोणी राखलं, विहीर कोणी खणली, वाघदेव कुठे बसवला, सगळं सांगतो.

दुसरं, साल विचारू नका. लाल बावट्याच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात तू केवढा होतास, आणीबाणीत नसबंदीला धरायला आले तेव्हा इथे कोण राहत होतं, असं विचारा.

तिसरं, नावं. आपल्यात बुधवारी जन्मला तो बुध्या. तलाठ्याने लिहिला बुधा, शाळेत झाला बुधाजी, रेशनकार्डावर भलतंच. माझ्या आजाच्या नावाच्या दंडाच्या दोन पावत्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या. जंगलखात्याने अतिक्रमण म्हणून दंड केला होता. तेव्हा शिक्षा होती, आज ताब्याचा पुरावा आहे. पण नाव वेगळं! म्हणून वंशावळीत प्रत्येक माणसाची सगळी नावं लिहा, आणि हा तोच माणूस असं दोन म्हाताऱ्यांकडून वदवून घ्या. पावत्या फेकू नका. ज्याची पावती नाही त्यानेही घाबरू नये, निव्वळ पावती नाही म्हणून दावा नाकारता येत नाही.

गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, आणि शाळेचं जुनं रजिस्टर बघा. जातपडताळणीला 1950 च्या आधीची नोंद मिळाली तर पोरांचंही काम होतं. आपला पालघर जिल्हा 2014 साली झाला, म्हणून जुन्या कागदांसाठी ठाण्यालाही विचारा.

चौथं, बायांची नावं. आपण वंशावळ काढतो ती बापाकडून बापाकडे. आमच्या वंशावळीत पणजी नव्हतीच, आणि जमीन तर तिच्या भावामुळे मिळाली! नवरा-बायको दोघं असतील तर पट्टा दोघांच्या नावे करायचा असं कायदा सांगतो. मग वंशावळीत ती का नको?

शेवटचं, दोन वह्या ठेवा. एक दाव्याची, एक घरची. आजीने मला काही गोष्टी सांगितल्या आणि म्हणाली, हे साहेबाला द्यायचं नाही. ते मी घरच्या वहीत लिहिलंय. ते आमच्या पोरांसाठी आहे. माणसाने सांगितलं म्हणून ते सगळं आपल्या मालकीचं होत नाही.

आमचं अपील अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही. पण एक सांगते. तो बांध घालताना लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला एक म्हातारा आमच्या शेजारी होता. त्याचा जबाब घ्यायचा राहिला होता. लावणी उरकू दे, मग जाऊ, असं मी म्हणाले. लावणी उरकली तेव्हा तो नव्हता. पहिल्या वेळी मी त्याचा अंगठा घेतला होता, त्याचं सांगणं घेतलं नव्हतं. तो अंगठा अजून फायलीत आहे आणि त्याच्यावर माझंच वाक्य आहे.

आज घरी गेलात की दावा, नकाशा सगळं बाजूला ठेवा आणि पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा.

जोहार.