रायबरेलीचे निळे पुस्तक



आपल्या सभेत मागच्या बाजूला साध्या कपड्यातला एखादा माणूस बसतो आणि कोण काय बोलले ते टिपून घेतो. बसू द्या. कापसाचा उत्पादनखर्च एकदा त्याच्याही कानावर पडू द्या. पण सरकारला आपली एवढी माहिती हवी असते, तर सरकारची माहिती आपल्याला का मिळू नये? यासाठी आम्ही रायबरेलीचा खटला सांगतो.

१९७१ साली तिथे इंदिरा गांधींनी राजनारायण यांना १ लाख ११ हजारांवर मतांनी हरवले. त्या निवडणुकीत संशयाचे पीक सोळा आणे आले होते. मतपत्रिकांना रशियाची शाई लावली होती, मतदाराचा शिक्का उडून जातो आणि आधीच मारलेला उमटतो, असा आरोप दिल्लीचे पराभूत उमेदवार बलराज मधोक करीत. कोर्टात तो सिद्ध झाला नाही.

राजनारायण यांनी साध्या गोष्टी धरल्या. सभेचे व्यासपीठ कोणी बांधले? लाऊडस्पीकरला वीज कोणी दिली? पंतप्रधानांच्या सचिवालयातले यशपाल कपूर प्रचाराला लागले तेव्हा नोकरीत होते का? दौऱ्याच्या बंदोबस्ताचे नियम एका ‘निळ्या पुस्तका’त होते. ते मागितले, तर उत्तर प्रदेश सरकार म्हणते, गुप्त आहे! वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९७५ मध्ये न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी लिहिले की, सरकारी कारभार जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. माहितीच्या अधिकाराचा देशाचा कायदा यायला मात्र २००५ साल उजाडले.

अलाहाबादला न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा निकाल लिहीत होते. तो आधीच कळावा म्हणून गुप्तचर खात्याची माणसे त्यांच्या लघुलेखकाच्या मागे लागली, असे पत्रकार कुलदीप नय्यर यांनी नोंदवले आहे. एवढे मोठे खाते, पण हाती काही लागले नाही. १२ जून १९७५ ला निवडणूक रद्द झाली, ती व्यासपीठ, वीज आणि कपूरांच्या राजीनाम्याची तारीख यांवर. तेरा दिवसांनी आणीबाणी लागली. पुढे कायदाच मागच्या तारखेपासून बदलला आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक कायम केली. अंपायरला बाद करता येत नाही, म्हणून खेळाचे नियमच बदलले.

आता आपल्या बाजार समितीचे. यादीत मेलेल्यांची नावे आहेत असे वाटत असेल, तर पारावर बोलून भागणार नाही. प्रारूप यादीची प्रत घ्या, मृत्यूचे दाखले काढा, मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.