अर्थशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा आपण गौरव केला, त्यांतील बरीचशी दहावी उत्तीर्ण होऊन अकरावीच्या दारात उभी आहेत. त्यांच्या पुढील शिक्षणाविषयी चार शब्द सांगावेत, अशी मंडळाच्या चिटणीसांची आज्ञा झाली. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. परंतु जन्मभर शाळेत गणित शिकविले, तेवढ्या अधिकारावर एकाच विषयासंबंधी बोलणार आहे. तो विषय म्हणजे पदवीच्या अभ्यासक्रमातील अर्थशास्त्र.

आपल्या घराघरांतून असा समज रूढ आहे की, ज्याला गुण अधिक त्याने विज्ञान घ्यावे, मध्यम असतील त्याने वाणिज्य घ्यावे, आणि ज्याचे गणिताशी जमत नाही त्याने कला शाखेत जाऊन इतिहास, राज्यशास्त्र व सोबतीला अर्थशास्त्र घ्यावे. म्हणजे पंगत उठल्यावर पातेल्यात जे उरले, ते अर्थशास्त्र! या समजाने शास्त्रावर अन्याय होतोच. विद्यार्थ्यावर त्याहून अधिक होतो.

आपल्या देशात या शास्त्राचा पाया कोणी घातला ते पाहा. दादाभाई नौरोजी हे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. हिंदुस्थानची संपत्ती परदेशी कशी वाहून जाते, हे त्यांनी आकडे मांडून सिद्ध केले, आणि 1901 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे शिक्षक. त्यांनी अंकगणिताचे क्रमिक पुस्तक लिहिले होते. 1902 साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, सरकारी तिजोरीतील शिल्लक हे प्रजेच्या भरभराटीचे लक्षण नसून तिच्यावर लादलेल्या जादा करांचे फळ आहे. गरिबांविषयी कळवळा अनेकांना होता. पण या दोघांच्या कळवळ्याला हिशेबाची जोड होती, म्हणून राज्यकर्त्यांना त्याची दखल घ्यावी लागली.

आता आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. हिंगोली व वसमतचा हळदबाजार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. समजा, एका कुटुंबाला गेल्या वर्षी दहा क्विंटल हळद झाली आणि बारा हजारांचा भाव मिळाला. हाती एक लाख वीस हजार आले. यंदा पीक तेरा क्विंटल झाले, पण सर्वत्रच पीक उदंड आल्याने भाव आठ हजारांवर उतरला. हाती आले एक लाख चार हजार. पीक वाढले आणि उत्पन्न घटले! आपण दैवाला बोल लावतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी सांगेल की, हळद स्वस्त झाली म्हणून कोणतीही गृहिणी भाजीत दुप्पट हळद घालीत नाही. अशा मालाच्या मागणीत लवचिकता कमी असते, म्हणून पुरवठा थोडा वाढला तरी भाव फार उतरतो. तो पुढे असेही सांगेल की, हळदीचे पीक हाती यायला सुमारे नऊ महिने लागतात. गतवर्षीचा भाव पाहून सर्वांनीच बेणे लावले, तर माल बाजारात येईपर्यंत भाव पडलेला असतो. मग सर्वच जण लागवड आटोपती घेतात आणि भाव पुन्हा चढतो. शास्त्रज्ञांनी या फेऱ्याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली आहे. हे जाळे कागदावर रेखाटायचे, तर आलेख व समीकरणे यावी लागतात.

भावाभावांत वाटण्या होऊन शेताचे तुकडे पडतात, हेही आपले नित्याचे दुःख आहे. कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली याच प्रश्नावर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर लागणारे श्रम व भांडवल यांच्याशी असलेल्या प्रमाणावरून ठरते. शेतीवरील जादा माणसांचा भार उद्योगधंद्यांनी उचलल्याखेरीज हा रोग हटणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ते आपल्या बांधावर आजही लागू पडते.

आपला भाग हैदराबाद संस्थानात असताना उच्च शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झाले, 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि आज आपली मुले मायबोलीत अर्थशास्त्र शिकू शकतात. ही सोय मोलाची आहे. मात्र इंग्रजी ग्रंथ वाचण्याची सवयही पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी.

आता पालकांना मुद्द्याची गोष्ट सांगतो. कला शाखेत गणित घेता येते. आपल्या बोर्डाने ती मुभा ठेवली आहे. जवळच्या महाविद्यालयात हा विषय आहे की नाही, याची चौकशी अर्ज भरण्यापूर्वी करा. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी बारावीला गणित असावेच लागते. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते, आणि त्या अभ्यासात पावलोपावली गणित व संख्याशास्त्र भेटते. सोळाव्या वर्षी अर्जातील एका रकान्यात गणित सोडले, तर विसाव्या वर्षी ही दारे बंद दिसतात, आणि ती कोणी लावली हे मुलाला उमगतही नाही. मुलींच्या बाबतीत तर, “तिला कशाला हवे गणित?” असे म्हणून वडीलधारेच तो रकाना भरून टाकतात. माझी विनंती आहे की, हा निर्णय तिला विचारून घ्यावा.

गणित अवघड वाटते ते बहुधा शिकविणारा भेटत नाही म्हणून. यास्तव मंडळाने गौरवाच्या रकमेतील काही भाग राखून, कला शाखेतील मुलामुलींसाठी सुट्टीत गणिताचा वर्ग चालवावा, अशी सूचना मी अध्यक्षांपुढे ठेवतो. शिकविण्याचे काम मी विनावेतन करीन.