थंडी, धावणं आणि लेगिंग्ज : पैसे देण्याआधी चार चाचण्या

आजचा विषय खास मैत्रिणींसाठी आहे, पण मित्रांनीही ऐका. बहिणीला, बायकोला गिफ्ट द्यायच्या वेळी उपयोगी पडेल.

डिसेंबर उजाडला की पुण्या-नाशकात पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो. निफाडकडे तर विचारूच नका. आणि नेमकं तेव्हाच आपलं धावणं बंद पडतं. आपण म्हणतो, ‘आळस आला.’ मला विचाराल तर बरेचदा दोष आळसाचा नसतो, अंगावरच्या कपड्याचा असतो. ओली, सैल, सारखी खाली घसरणारी लेगिंग घालून कुणाला टेकडी चढावीशी वाटेल?

आधी थंडी नेमकी कधी वाजते ते बघू. धावताना शरीर स्वतःच उष्णता तयार करतं, त्यामुळे तेव्हा फारसं जाणवत नाही. वाजते ती थांबल्यावर. कॉटनची लेगिंग घाम पिते आणि धरून ठेवते. आपण थांबलो की आतली शेगडी मंदावते, पण कपडा ओलाच असतो, आणि ओला कपडा अंगातली ऊब पटकन ओढून घेतो. म्हणजे हिवाळी लेगिंगचं पहिलं काम घाम त्वचेपासून दूर नेणं, आणि ऊब देणं हे दुसरं. म्हणून पॉलिएस्टर किंवा नायलॉन बरं, आणि आतल्या बाजूला हलकी लव असेल तर आणखी बरं.

आता ‘सपोर्ट’. हा शब्द पाकिटावर फार स्वस्त झालाय. ताण देणारा धागा म्हणजे इलास्टेन. त्यालाच स्पँडेक्स म्हणतात, आणि लायक्रा हे त्याचंच एक ब्रँडनेम. 1958 साली ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो तयार केला. या धाग्यामुळे कपडा पायाला धरून राहतो, मांड्या कमी हलतात, कंबर जागेवर राहते, आणि मन धावण्यात राहतं. एवढा फायदा खरा आहे. पण ही लेगिंग म्हणजे गुडघ्याचा पट्टा नाही. ती घातल्याने वेग वाढेल, दुखापत होणारच नाही, अशा जाहिरातींवर पैसे उडवू नका. गुडघा सुजला असेल किंवा दुखणं थांबतच नसेल, तर दुकानात नाही, फिजिओथेरपिस्टकडे जायचं.

मग घ्यायची कशी? माझ्या चार चाचण्या आहेत, ट्रायल रूममध्येच करायच्या.

एक, आतलं लेबल वाचा. कॉटन जास्त असेल तर ती घरात घालायला छान, पळायला नको.

दोन, आरशाकडे पाठ करून उजेडात पूर्ण खाली बसा. कपडा ताणून पारदर्शक झाला, किंवा कंबरेची पट्टी गुंडाळली गेली, तर परत ठेवा.

तीन, जागच्या जागी वीस वेळा गुडघे वर उचला. एकदा जरी हाताने वर ओढावी लागली, तरी टेकडीवर ती पन्नासदा ओढावी लागेल.

चार, दहा मिनिटं घालून मग काढा. कंबरेवर खोल लाल वळ उठले, किंवा पायाला मुंग्या आल्या, तर एक साइज मोठी घ्या. ‘घट्ट म्हणजे जास्त सपोर्ट’ हा गैरसमज आहे. ऑनलाइन घेताना टेपने कंबर आणि नितंब मोजा. अंदाजे एम, एल नको. आणि परत करायची सोय आहे ना, तेही बघा.

मुंबईकर आणि कोकणकर मैत्रिणींनो, तुम्हाला लववाली जाड लेगिंग लागणारच नाही. साधी पातळ पुरते. सगळ्यांसाठी नियम एकच : पहिली पाच मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. घरातून निघतानाच उबदार वाटलं, तर मधेच घामाने भिजाल. आणि लेगिंग कितीही भारी असो, वॉर्मअपला सुट्टी नाही. पाच-दहा मिनिटं भरभर चाला, मग पळा.

धुताना गार पाणी, फॅब्रिक सॉफ्टनर नको, कडक उन्हात तासन्‌तास वाळवणं नको. सॉफ्टनरचा थर बसला की घाम वाहून नेण्याची ताकद कमी होते, आणि उष्णतेने इलास्टेन ढिला पडतो.

एक राहिलंच. ‘वरून लांब कुर्ता घाल, लोक बघतात.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कुर्ता घालायचा असेल तर जरूर घाला, पण तुम्हाला बरं वाटतं म्हणून, कुणाच्या नजरेसाठी नाही. आपल्या आज्या-पणज्या काष्टा मारून शेतात राबायच्या. पाय मोकळे हवेत हे त्यांना कुणी शिकवायला आलं नव्हतं.

हो, आणि जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी बाहेर पडणार असाल तर चकाकणारी पट्टी असलेली लेगिंग बघा, एका कानातला इअरबड काढा, आणि शक्यतो मैत्रिणीला सोबत घ्या. तिलाही हा एपिसोड पाठवा. आणि उद्याचा अलार्म स्नूझ करू नका!