शाळेआधीची शाळा
(दहिवली, ता. कर्जत येथील पालकांसमोरील भाषण)



जून महिन्यात पहिलीच्या वर्गात दोन प्रकारची मुले येतात. एक दप्तर ठेवून जागेवर बसते, बाईंचे सांगणे ऐकते, हवे ते मागते. दुसरे दाराशी आईचा पदर धरून रडते. दोघांच्या बुद्धीत अंतर असतेच असे नाही. अंतर असते ते मागील तीन वर्षांचे.

हे अंतर ताराबाई मोडक यांनी ओळखले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे हा शब्द देशभर गेला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत कशी येणार? धाकट्याची सोय झाली, की थोरलीचीही पाटी सुटत नाही.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील पेरी बालवाडीचा प्रयोग १९६२ साली सुरू झाला. त्यात १२३ गरीब मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. बालवाडीत गेलेल्यांची बुद्धिमापनातील आघाडी काही वर्षांतच ओसरली. परंतु शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यातच अधिक राहिले. बालवाडीचा खरा लाभ लवकर गिरवलेल्या अक्षरांत नसून शाळेत टिकून राहण्याच्या वृत्तीत आहे.

म्हणूनच तीन वर्षांच्या बालकाच्या हाती पेन्सिल देण्याची घाई पालकांनी करू नये. मणी ओवणे, माती मळणे, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हाच त्या वयाचा अभ्यास होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे.

मात्र दहिवलीतील मुलांची सोय झाली म्हणजे कर्तव्य संपले नाही. याच तालुक्यातील वाड्यांवरून अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात. मूल त्यांच्यासोबत जाते, अंगणवाडी मागे राहते. जूनमध्ये दाराशी रडणारे मूल बहुधा तेच असते. मूल येत नसेल, तर शाळेने त्याच्याकडे जावे, हा बोर्डीचा धडा आहे. भट्टीजवळच्या झाडाखाली रोज दोन तास गाणी-गोष्टी घेणारी एक सुशिक्षित भगिनी मिळाली, तरी त्या मुलाची पहिली सुकर होईल. अशी भगिनी दहिवलीच्या घराघरांत आहे. तिने उंबरठा ओलांडावा, एवढेच.