झुंजारराव, कमळजा आणि आपण



सांगलीत उभे राहून नाटकावर बोलणे हे थोडेसे धाडसच आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवरा’चा प्रयोग केला तो याच गावी. कृष्णाकाठचे हरिपूर येथून हाकेच्या अंतरावर, आणि तेथे १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल जन्मले. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ला मराठी वेष चढवून १८९० साली ‘झुंजारराव’ लिहिणारे ते हेच. गणपतराव जोशांची झुंजाररावाची भूमिका ज्या शाहूनगरवासी मंडळीने गाजविली, तिच्या नावातले शाहूनगर म्हणजे आपला सातारा. म्हणून परक्या देशातील ही शोकांतिका आम्ही परकी मानीत नाही.

‘ऑथेल्लो’ हे मत्सराचे नाटक, असे शाळेपासून सांगितले जाते. ते खोटे नाही. पण एका हातरुमालावरून एवढा मोठा सेनापती पत्नीचा गळा दाबतो, याचा उलगडा केवळ मत्सराने होत नाही. त्यासाठी नाटकातला समाज पाहावा लागतो.

१ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या राजवाड्यात या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. तत्पूर्वी चारच वर्षे, १६०० साली, मोरोक्कोचा वकील एलिझाबेथ राणीच्या दरबारी सन्मानाने येऊन गेला होता. आणि त्याच राणीने १५९६ साली, राज्यात काळी माणसे फार झाली आहेत, त्यांना बाहेर काढावे, अशी पत्रे धाडली होती. वकील म्हणून सन्मान, शेजारी म्हणून नकार! व्हेनिसचे तेच. तुर्कांशी लढावयास त्यांना हा काळा सेनापती हवा आहे. सरदार ब्रॅबॅन्शिओ त्याला वरचेवर घरी बोलावतो, त्याच्या पराक्रमाच्या कथा ऐकतो. परंतु मुलगी डेस्डेमोना त्याच्याशी लग्न करते, तेव्हा हाच यजमान म्हणतो, माझ्या मुलीवर चेटूक झाले! आपल्या भाषेत सांगावयाचे तर रोटीव्यवहार चालला, बेटीव्यवहार चालला नाही.

डेस्डेमोना भर सभेत सांगते की, हा पती मी स्वतः निवडला. बाप हरतो, पण जाता जाता जावयाला बजावतो, हिने बापाला फसविले, तुलाही फसवील. पुढे इआगो हेच वाक्य उकरून काढतो. आपल्या देशाचे, आपल्या वर्णाचे, आपल्या तोलामोलाचे वर नाकारून जी परक्याकडे वळली, तिचे मन सरळ कसे असेल, असे तो विचारतो. येथे दोन समजुती एकमेकींत गुंततात. काळ्या माणसावर कोणी मनापासून प्रेम करणार नाही, ही एक. आणि जी स्त्री स्वतःच्या मनाने चालते ती विश्वासाची नाही, ही दुसरी. ऑथेल्लो स्वतःच म्हणू लागतो की, मी काळा, वयस्क, मला गोड बोलता येत नाही. दोन्ही समजुती त्याच्या मनात आधीच वस्तीला होत्या. इआगोने त्यांना फक्त हाक मारली.

आता ‘झुंजारराव’कडे येऊ. ऑथेल्लोचा झुंजारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा झाली, इआगोचा जाधवराव झाला. मूळ नाटकाच्या नावातच ‘मूर’ आहे, म्हणजे परका माणूस. झुंजारराव आणि जाधवराव ही नावे मात्र एकाच मातीतली; नावावरून कोण आपला, कोण परका हे कळत नाही. देवलांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नाटक येथले वाटावे यासाठी त्या काळी असेच करीत. पण नावातला मूर गेला, तरी नाटक रंगले. का? कारण स्त्रीवरच्या संशयाला भाषांतर लागत नाही. तो आमच्या घरात तयार होता.

त्या कमळजेला रंगभूमीवर पुरुषच उभे करीत. इंग्लंडातही डिसेंबर १६६० पर्यंत डेस्डेमोना मुलगेच होत. काळा नट आयरा आल्ड्रिज लंडनच्या मोठ्या थिएटरात ऑथेल्लो म्हणून उभा राहिला तो १८३३ साली, आणि तेथल्या काही वृत्तपत्रांना तेही सोसले नाही. स्त्री कशी असावी, काळा माणूस कसा असावा, हे दुसऱ्यांनीच दाखवावयाचे, असा हा प्रघात होता.

देवलांचा मोठेपणा असा की, पुढे १८९९ मध्ये त्यांनीच ‘शारदा’ लिहिले. तेथे बाप पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यावयास निघतो. दोन्ही नाटके शेजारी ठेवून पाहा. बाप निवड करतो तेव्हा घरातील स्त्रीने मुकाट्याने मान तुकवावी ही अपेक्षा. मुलगी निवड करते तेव्हा बापाचा संताप आणि चेटकाचा आरोप.

मूर आमच्याकडे नव्हता, असे मात्र म्हणू नका. आमच्याकडे वर्णाच्या जागी जात होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला. १९५४ साली विशेष विवाह कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले की, दोन सज्ञान माणसांच्या विवाहाला घराण्याची वा जातपंचायतीची संमती लागत नाही. तरीही निवडीपायी मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या आपल्याच राज्यातून येतात. त्या घरांत कोणी इआगो शिरलेला नसतो. ब्रॅबॅन्शिओ पुरेसा असतो.

शेवटी एमिलियाची आठवण करून देतो. नवरा म्हणतो, गप्प बस, घरी जा. ती जात नाही, खरे बोलते, आणि त्यापायी मरते. नाटकात सत्य बाहेर येते ते तिच्यामुळे. पण फार उशिरा. आपल्या घरातील मुलगी एखादे नाव उच्चारील, तेव्हा त्या नावामागचे आडनाव विचारण्यापूर्वी तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.