रस्ता होईल तेव्हा होईल, आपली माणसं आज सांभाळू या

आम्ही कोकणातल्या, मुंबई-गोवा महामार्गाकाठच्या बायका. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. आमची कितीतरी मुलं या अर्धवट रस्त्याच्या कडेनंच शाळेत जात मोठी झाली. रस्ता आम्हालाही हवाच आहे. पण काम चालू असतानाचे दिवस फार जपून काढावे लागतात.

काम चालू असलं की रस्ता रोज बदलतो. काल जिथून ओलांडलं, तिथे आज खड्डा किंवा भराव असतो. एसटीचा थांबा हलतो. डंपर मागे-पुढे होत असतात. डंपरचा ड्रायव्हर उंचावर बसतो. त्याला गाडीच्या अगदी पुढचं, मागचं आणि डाव्या अंगाचं जवळचं माणूस दिसत नाही. म्हणून मुलांना एकच खूण शिकवा: ड्रायव्हरचा चेहरा तुला दिसत नसेल, तर तूही त्याला दिसत नाहीस. डोक्यावर भारा असेल तेव्हा आपल्यालाही बाजूचं दिसत नाही. आधी थांबा, मग ओलांडा. पदपथ नसेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं चाला. अंधारात बॅटरी जवळ ठेवा.

पण सगळा भार आपल्याच सावधपणावर का? काम चालू असलेल्या रस्त्यावर आधीपासून फलक, अडथळे, रात्री दिसणाऱ्या चमकपट्ट्या आणि झेंडेवाला माणूस हवा, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. ठरलेले सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आमच्या बचत गटानं तीन दिवस वही घेऊन नोंद केली: शाळा भरताना आणि सुटताना किती डंपर गेले, फलक कुठे नाही, कुठला खड्डा उघडा आहे. नुसतं "गाड्या जोरात जातात" म्हटलं की कुणी ऐकत नव्हतं. वही पुढे ठेवली तेव्हा ऐकावं लागलं. शाळेच्या वेळेला डंपर थांबू लागले, वळणावर झेंडेवाला उभा राहिला. उघड्या गटारासाठी मात्र अजून भांडतोय.

तुम्हीही ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत हा विषय घ्या, ठराव लिहून घ्या, अर्जाची पोच सांभाळून ठेवा.

आणि अपघात झालाच, तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन करा. राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आहे. जखमीला मदत करायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही.

हे तिन्ही क्रमांक आज चुलीमागच्या भिंतीवर लिहून ठेवा, आणि मुलांकडून पाठ करून घ्या.