धाटाची गाडी आणि चित्रांचे पुस्तक



तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हातात आपण काय देतो, एवढाच प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत. वस्तीत पालक आम्हाला विचारतात, "पोरगं खेळायला पाठवलं का शिकायला? अजून अ आ इ येईना." त्यांचा राग आम्हाला समजतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना शाळेच्या दाराबाहेर राहावे लागले, त्यांना अक्षराची घाई असणारच. परंतु ज्या बोटांना अजून बी उचलून वाटीत टाकता येत नाही, त्यांच्या हाती पाटी-पेन्सिल देऊन अक्षर लवकर येत नाही. रडू मात्र लवकर येते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते. १९४५ साली बोर्डीला त्यांचे काम सुरू झाले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीबाईंची साधने महागडी, खेड्याला न परवडणारी. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. जी मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, त्यांच्या अंगणात बालवाडी नेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आता आपल्या जालना जिल्ह्याकडे पाहू. शंख-शिंपले आपल्याकडे नाहीत. पण ज्वारी आहे, कपाशी आहे, काळी माती आहे. ज्वारीच्या वाळल्या धाटाची साल काढली की आत पांढरा हलका भेंड निघतो. भेंडाचे तुकडे सालीच्या काड्यांनी जोडले की जू, साटी, चाके अशी अख्खी बैलगाडी उभी राहते. साल सोलण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे, ती ब्लेडसारखी कापते. पोळ्याला मातीचे बैल तर घरोघर होतात. भोकरदनच्या १९७३ च्या उत्खननात भाजलेल्या मातीच्या मूर्ती निघाल्या. आपल्या मातीला हे काम नवे नाही. चिंचोके, सीताफळाच्या बिया, सरकी यांचे ढीग वेगळे करताना मूल मोजायला शिकते, आणि ते आपण शिकलो हे त्याच्या गावीही नसते.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी. एरंडीच्या बियाही तशाच. त्या खेळात नकोतच. आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ चिंचोक्याएवढी कोणतीच वस्तू ठेवू नये, घशात अडकते.

काही पालकांना धाटाच्या गाडीची लाज वाटते. शेजारच्याकडे सेलवर चालणारी मोटार, आपल्याकडे हे! शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातला रोहसेनही मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो. तेव्हा लाज जुनीच आहे. पण सेलवरची मोटार स्वतःच पळते, मूल नुसते बघत बसते. धाटाची गाडी मोडली तर बापाशेजारी बसून पुन्हा जोडता येते. मजुरीवरून आलेला बाप पोराबरोबर अर्धा तास बसला, ही कमाई आम्हाला गाडीपेक्षा मोठी वाटते.

चित्रांच्या पुस्तकांचेही असेच आहे. माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन' मुलाला मांडीवर घेऊन चित्रांवर बोलण्यासाठीच आहे. नॅशनल बुक ट्रस्टचीही मराठी पुस्तके आहेत. पण ज्या आईला वाचता येत नाही, तिलाही चित्राचे पुस्तक 'वाचता' येते, "बकरी कुठं चालली? तिला कोण हाकतं?" एवढे तिने विचारले तरी पुरे. आणि पुस्तकात मोसंबीची बाग, हापसा, कापूस वेचणारी आजी, आपले विहार दिसले तर मूल बोलू लागते. छापील पुस्तकांत हे क्वचितच सापडते, म्हणून ते घरीच करावे लागते. जालना हे बियाण्यांचे शहर. बियाणे कंपन्यांच्या जुन्या कॅलेंडरांवर कणसे, बोंडे, मिरच्या छापलेल्या असतात. ती कापायची, लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर कणकेच्या खळीने चिकटवायची. खळीत थोडा मोरचूद घालतात तो इथे नको, मुले पुस्तक तोंडात घालतात.

घनसावंगी, मंठा, परतूरकडची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात तेव्हा मुलाची बालवाडी सुटते ती थेट उन्हाळ्यापर्यंत. त्या बिऱ्हाडात आरसा, कंदील, भांडी जातात. मुलाचे काही जात नाही. म्हणून जुन्या लुगड्याच्या तुकड्यांवर चित्रे शिवून केलेले कापडी पुस्तक आणि चिंध्यांची एक बाहुली, एवढे प्रत्येक मुलाच्या पिशवीत असावे असा आमचा आग्रह आहे. कापडी पुस्तक भिजले तरी वाळते, उशाला घेतले तरी फाटत नाही.

विद्यार्थी मित्रांना हे शिवणकाम जमण्यासारखे आहे. मुलींनीच करावे असे नाही. टाका कोणालाही घालता येतो. बिऱ्हाडे दिवाळीच्या सुमारास निघतात, त्याआधी हाती दोन महिने असतात. येताना घरातले जुने सुती लुगडे धुऊन आणा, नायलॉनचे नको, आणि जाड सुई आणा. कात्री आमच्याकडे आहे.